माझा थेंब तरंगला, आणि मागे बॅनर माझंच होतं

कडक_भाकरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एन.एस.एस.मध्ये आहे. मोबाईलवर थोडंफार डिझाइन येतं, त्यामुळे कॉलेजचं कुठलंही बॅनर "ती आहे ना" म्हणून माझ्या गळ्यात पडतं. फेब्रुवारीत रक्तदान शिबिर झालं, त्याचंही मीच केलं. लाल पार्श्वभूमी, मोठा थेंब, थेंबात हृदय, खाली 'तुमचे एक रक्तदान, तिघांना जीवदान'. उजव्या कोपऱ्यात प्रायोजकांचा फोटो, तो माझ्या थेंबापेक्षा मोठा. छापून आलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती बघत उभी होते, खोटं कशाला बोलू.

शिबिराच्या दिवशी सर म्हणाले, पहिली तू झोप, फोटो काढू. मी ऐटीत गेले. टेबलावरच्या दादांनी बोटाला टोचलं, बारीक नळीत रक्त ओढलं आणि काचेच्या पेल्यातल्या निळ्या पाण्यात एक थेंब सोडला. माझ्या आधीच्या मुलाचा थेंब खडा टाकावा तसा तळाला गेला होता. माझा मध्यापर्यंत गेला, थांबला, काहीतरी विसरल्यासारखा गिरकी घेतली आणि हळूहळू वर आला. दादा म्हणाले, "ताई, तुमचं नाही होणार. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आहे." समोर फोटोवाला कॅमेरा लावून तयार, आणि मागे माझंच बॅनर. नंतर यंत्रावर मोजलं तर ९.८.

मी एकटी नव्हते. रांगेतल्या निम्म्याहून जास्त मुली परत गेल्या. काहींचं वजन ४५ किलो भरलं नाही. काहींची पाळी चालू होती, आणि तो प्रश्न फॉर्मवरून वाचून विचारायला आम्ही बसवला होता एफ.वाय.चा एक मुलगा! तो प्रश्न आला की बिचारा मान वरच करायचा नाही. त्याचं ते पुटपुटणं ऐकून मागच्या चार जणी "पाणी पिऊन येतो" म्हणून गेल्या त्या गेल्याच. बॅनरच्या लाल रंगाची छटा ठरवायला मी दोन रात्री घालवल्या होत्या, आणि टेबलावर कोण बसणार हे दोन मिनिटंही डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन शोधाशोध केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. देशात ५७ टक्के. म्हणजे ज्या रांगेला मी 'द्या' म्हणत होते, तिच्यातल्या अर्ध्याजणींना आधी कोणीतरी द्यायला हवं होतं.

आणि गंमत म्हणजे माझ्या मोबाईलवर दिवसभर 'वेलनेस' वाहत असतो. हिरवे ज्यूस, पहाटेचं ध्यान. मी स्वतः 'सेल्फ केअर'ची स्टोरी टाकते आणि साडेसातच्या लेक्चरला दोन खारी आणि चहावर जाते. दुपारचा डबा अर्धा मैत्रिणींत वाटला जातो, संध्याकाळी परत चहा.

दुसरं एक खुपतंय. 'प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेटवस्तू' ही ओळ बॅनरवर 'जीवदान'पेक्षा ठळक होती. तीही मीच टाकली, सांगितलं म्हणून. भेटवस्तू म्हणजे स्टीलचा डबा. माझ्या ओळखीच्या एकाने दोन महिन्यांपूर्वीच दुसरीकडे रक्त दिलं होतं. फॉर्मवर विचारलं, तीन महिने झाले का? तर "झाले झाले". मी शेजारीच उभी होते आणि काही बोलले नाही.

आता पुढच्या शिबिराचं बॅनर परत माझ्याकडेच आलंय. काय लिहू? आणि लिहूच का?

---

नवीपेठकर

मस्त लिहिलंय, लिहीत राहा. आमच्या घरी शिबिरांतले तीन पाण्याचे जार आणि दोन डबे आहेत. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात जार वाटायची कल्पना ज्याची असेल त्याला दंडवत.

---

पेढीवाला

आयडी बघून लोक मिठाईवाला समजतात. मी रक्तपेढीतला. त्या निळ्या पेल्यामागे बसणाऱ्यांपैकी एक.

ते मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण. त्याची सापेक्ष घनता १.०५३ ठेवलेली असते. रक्त त्याहून जड असेल तर थेंब बुडतो, म्हणजे हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर. हलकं असेल तर तरंगतो. पंधरा सेकंदांचा खेळ. बायकांसाठी रक्तक्षयाची रेघ १२ ला आहे आणि आमची १२.५ ला, त्यामुळे परत गेलेली प्रत्येक मुलगी आजारी असते असं नाही. पण ताई, ९.८ हा आकडा अंगावर काढायचा नाही. डॉक्टरांना दाखवा, मगच गोळ्या.

आता तुमच्या 'तिघांना जीवदान'बद्दल. एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे काढतात, तिथून ते वाक्य आलंय. वाक्य बरोबर आहे, पण ते बॅनर ज्या दिवशी लागतं तिथे घोटाळा आहे. प्लाझ्मा गोठवून वर्षभर राहतो. प्लेटलेट ५ दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. लाल पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस, जास्तीचं द्रावण असलेल्या पिशवीत ४२.

आता जयंत्यांचं कॅलेंडर उघडा. १९ फेब्रुवारी. १४ एप्रिल. त्या आठवड्यांत आमच्या फ्रिजमध्ये पिशवी ठेवायला जागा नसते. १४ एप्रिलच्या पिशवीचे ३५ दिवस १९ मेला संपतात. तेव्हा तुमची कॉलेजं बंद, पोरं गावाला, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, आणि मी वही घेऊन जुन्या दात्यांना फोन करत बसलेला. थॅलेसेमिया म्हणजे जन्मापासूनच अंगात रक्त नीट तयार होत नाही; त्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांना उन्हाळी सुट्टी नसते. मेमध्ये त्यांच्या आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात, काही बोलत नाहीत. माझा फोन चालू आहे का बंद, एवढंच बघत असतात.

---

एमएच_तेरा

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू प्रश्न. रक्त आमच्याकडून फुकट घेता आणि पेशंटला पिशवीमागे पैसे लावता, ते कसं? आमच्या मामाच्या ऑपरेशनला एका पेढीने चार पिशव्यांचं असं बिल केलं की मामाला शुद्धीवर आल्यावर सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी एकदाही दिलं नाही, देणारही नाही.

---

पेढीवाला

प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. रक्ताची विक्री देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. त्याआधी रक्त विकून पोट भरणारी माणसं होती. आता जे लागतं ते प्रक्रियेचं शुल्क. प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या सक्तीच्या: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस, मलेरिया. शिवाय पिशवी, गट जुळवणी, फ्रिज, माणसं. लाल पेशींच्या पिशवीला खासगी पेढीत १,५५० रुपये ही मर्यादा आहे, प्लाझ्मा-प्लेटलेटला ४००. काही विशेष तपासण्यांचे वेगळे लागतात. त्यावर कोणी घेतले असतील तर पावती घेऊन तक्रार करा, मी तुमच्या बाजूने.

---

एमएच_तेरा

मग हे बॅनरवर का नसतं? 'जीवदान' लिहायला जागा आहे, १,५५० लिहायला नाही? लपवलं की माणूस वाईटच धरून चालतो.

---

कडक_भाकरी

दादा, हे मला कधी सुचलंच नसतं. आमच्या वर्गातही "रक्त विकतात" हे अर्ध्या मुलांचं उत्तर असतं आणि आम्ही त्यावर 'रक्तदान श्रेष्ठदान' एवढंच परत मोठ्याने म्हणतो. समोरचा काय विचारतोय ते ऐकायचंच नाही आणि आपला आवाज वाढवायचा. आजीला ऐकू येत नाही तेव्हा आम्ही घरात हेच करतो.

---

पूर्वभागातली

मी पूर्व भागातली, घरी तेलुगू. आई चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, भिजवलेलं पान, पत्र्याचा माप, कात्री. हजार विड्या भरल्याशिवाय ती उठत नाही, आणि मध्ये उठावं लागू नये म्हणून जेवण मागे टाकून चहा पीत राहते. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आया अशाच. त्यांना अशक्तपणा आलाय असं कोणी म्हणत नाही. 'वय झालं' म्हणतात, पस्तिसाव्या वर्षी.

सरकारी लोहाच्या लाल गोळ्या आईला मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी शौचाला काळं झालं. शेजारीण म्हणाली गोळी पोटात सडतीय. पाकीट गटारात. काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे गोळी देताना एका वाक्यात सांगितलं असतं तर शंभर दिवसांच्या गोळ्या वाया गेल्या नसत्या. आणि चहाबरोबर घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही, हे मला स्वतःला बाळंतपणात कळलं. लिंबू पिळलेलं पाणी घ्या, संत्रं घ्या, चहा तासाभराने.

बाळ, तुझ्या बॅनरवर 'रक्तक्षय' लिहू नकोस. आईला तो शब्द कळत नाही. 'रक्तम तक्कुव' म्हटलं की लगेच कळतं. सोलापुरात नुसत्या मराठीत लिहिलेला बोर्ड म्हणजे अर्ध्या गावाला पाठ करून बोलणं. तेलुगू, कन्नड, उर्दू, काहीतरी एक ओळ टाक की गं.

---

कडक_भाकरी

मावशी, शाळेत आम्हाला सोमवारी लोहाची निळी गोळी द्यायचे. बाईंसमोर तोंडात टाकायची आणि मागे फिरलं की खिडकीतून बाहेर. खिडकीखालच्या जास्वंदीइतकं लोह गावात कोणाला मिळालं नसेल. का घ्यायची ते कोणी सांगितलंच नाही, फक्त 'घ्या' सांगितलं. आता तेच 'घ्या'च्या जागी 'द्या' लिहून मी बॅनर करते.

---

भोंग्यावर_उठणारा

जुन्या मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या पिढीतला आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पोरी, लोकांना पटवायचं म्हणजे काय हे बघायचं तर गाडगेबाबांकडे बघ. माझ्या वडिलांनी त्यांचं कीर्तन पंढरपुरात ऐकलं होतं. बाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्याच्या आधीची गोष्ट. गावात आले की पहिलं काम खराटा. दिवसभर रस्ते, गटारं झाडायची, आणि संध्याकाळी ज्या लोकांनी त्यांना झाडताना पाहिलंय त्यांच्यासमोर उभं राहायचं. कीर्तनात सांगणं कमी, विचारणं जास्त. प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. वडील म्हणायचे, घरी परत येईपर्यंत माणूस स्वतःशीच भांडत यायचा. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि स्वतःकडे फुटकं गाडगं.

तुझ्या बॅनरमध्ये एकही प्रश्न नाही. नुसती आज्ञा आणि वर एक फोटो. फोटोतल्या माणसाने शेवटचं रक्त कधी दिलं, विचारलंस का?

---

नवीपेठकर

@भोंगा, शेवटच्या वाक्याला कडक सलाम.

फोटोच टाकायचा तर डॉ. कोटणीसांचा टाका की. आपल्या गावचा माणूस. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ ला तिथेच गेले, अवघे ३२ वर्षांचे. भैय्या चौकातलं घर आता स्मारक आहे.

---

कडक_भाकरी

दादा, कोटणीसांचं स्मारक दोनदा पाहिलंय. पण त्यांचा फोटो टाकला की लोक मनातल्या मनात नमस्कार करतात आणि पुढे जातात. "ते थोर होते बाबा, आपण कुठे." मला तर असा माणूस हवाय की ज्याला बघून वाटेल, ह्याला जमतं तर मला का नाही. आमच्या कॅन्टीनचे काका वर्षातून तीनदा रक्त देतात, कोणाला माहीतही नाही. त्यांना विचारलं फोटो टाकू का, तर म्हणाले "उधारीवाले ओळखतील."

---

गड्डा_किंग

काय बे, सगळे डब्यावरच घसरालेत. मी मंडळाचा कार्यकर्ता हाय, दरवर्षी शिबिर लावतो. एका वर्षी हेल्मेट दिलं, एका वर्षी डबा. पोरं डब्याला येत्यात, खरं हाय. पण एकदा आलेलं पोरगं सुई बघून घाबरत न्हाई, दुसऱ्या टायमाला बिगर डब्याचं बी येतंय. माझ्या डोळ्यानं बघितलंय. तुम्ही शिकलेली लोकं डब्याला हसता, पण तो डबा घेऊन कामावर जाणारा बी हाय की.

---

पेढीवाला

किंग, डब्याला मी हसत नाही. भीती वेगळी आहे. डबा मोठा झाला की खोटं बोलायचं कारण मोठं होतं. कावीळ होऊन गेली, सांगत नाहीत. टॅटू काढून वर्ष झालं नसेल तर रक्त चालत नाही, आणि तुमच्या मंडळात बिनटॅटूचा पोरगा शोधून दाखवा. तपासण्या आम्ही करतो, पण लागण अगदी ताजी असली तर तपासणीत सापडत नाही. तिथे दात्याने खरं सांगणं हीच तपासणी. चहा, बिस्किट, केळं, प्रमाणपत्र, एवढं द्या. फार तर बिल्ला.

---

गड्डा_किंग

टॅटूचं खरं हाय. माझाच मागच्या दिवाळीतला हाय. 😅

बरं मग सांगा, मेमध्ये लावू का शिबिर? मंडळाचं नाव न्हाई लावलं तरी चालंल. पण मेमध्ये कुत्रं बी रस्त्यावर नसतंय. कोण येणार?

---

पेढीवाला

सकाळी सहा ते साडेनऊ. त्याच्या पुढे नाही. पन्नास माणसं नकोत मला, वीस द्या, पण नक्की येणारी.

---

एमएच_तेरा

आणि १,५५० चा बोर्ड लावा. मग मीही येतो. बघायला.

---

कडक_भाकरी (पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय.

ठरलंय. १८ मे, सकाळी सहा ते साडेनऊ, गड्डा_किंग दादांच्या मंडळाच्या हॉलमध्ये. बॅनर केलं नाही. म्हणजे एक छोटा कागद केलाय, दाराला चिकटवायचा. त्यावर वर मराठीत, खाली तेलुगू आणि उर्दूत तीन गोष्टी: रक्त कुठे जातं, पिशवीला पेशंटला किती पडतात आणि का, आणि आज जमलं नाही तर परत जाताना काय घेऊन जायचं. तेलुगू मावशींनी सांगितली. फोटो कोणाचाच नाही.

बाकी सगळं फोनवर. मैत्रिणीने आणि मी नावं वाटून घेतली. ग्रुपवर टाकायचं नाही, एकेकाला स्वतंत्र लिहायचं, असं ठरवलं. मी पाठवलेला एक मेसेज जसाच्या तसा देते:

"तू फेब्रुवारीत दिलं होतंस, १९ मेला तीन महिने होतात, त्यामुळे तुला १८ ला एक दिवस कमी पडतो. तू देऊ नकोस. पण तुझा मोठा भाऊ? त्याला सकाळी साडेसहाला पाठवशील? पंधरा-वीस मिनिटं लागतात. नाश्ता करून ये म्हणावं, उपाशी नको. नाही जमलं तर नाही सांग, राग नाही."

२२ जणांना पाठवले, १४ जणांनी हो म्हटलं. पाच जणांनी नाही म्हटलं, त्याचंही बरं वाटलं, कारण ग्रुपवर कोणी नाही म्हणतच नाही. नुसते 🙏 येतात.

त्या डबेवाल्या मित्रालाही फोन केला. सरळ विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललास? आधी चिडला. मग म्हणाला, डबा बहिणीसाठी घेतला, ती कामाला लागली होती. काय बोलणार. आता तो १८ ला दारावर उभा राहणार आहे, द्यायला नाही, दिवस मोजायला. फॉर्मवरची तारीख तोच तपासणार. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणून सगळे हसले, पण त्याला सगळ्या बहाण्यांची माहिती आहे.

माझं हिमोग्लोबिन ११.३ झालंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा दहा वाजता. आई अळिवाचे लाडू करून देते. म्हणजे १८ ला मी परत देऊ शकणार नाही. मुलींचा फॉर्म मी भरून घेणार आहे, आतल्या बाजूला, पडद्यामागे.

एक सांगायचं राहिलं. गोळ्या आणायला गेले तेव्हा आईलाही बरोबर नेलं, सहज म्हणून तिचंही मोजलं. ८.९. लाडू करणारीचं. मला भरवून ती स्वतः उभ्या उभ्या चहा-चपाती खायची हे मी वीस वर्षं बघतेय आणि पाहिलं कधीच नाही. आता लाडू दोघींत मोजून होतात. ती तिचा अजूनही माझ्या डब्यात सरकवते, मी परत काढून ठेवते. रोजचं भांडण आहे.

---

पूर्वभागातली

आईला माझा नमस्कार सांग. माझ्या आईला मी १८ ला घेऊन येते, द्यायला नाही, मोजायला. चालेल ना पेढीवाले भाऊ?

---

पेढीवाला

चालेल. द्रावण ताजं करून आणतो, यंत्रही आणतो. गाडी पावणेसहाला येईल. टेबलाला आडोसा लागेल म्हणालात, तेवढा पडदा आणि दोऱ्या तुम्ही बघा, आमच्या गाडीत नसतात.

---

गड्डा_किंग

पडदा कशाला? चादर हाय की. सोलापूर हाय बे हे.